अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर वापरलेली उतरती उशी: सविस्तर अभिप्राय

अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या माणसाला ज्या वस्तू विकत घ्याव्या लागतात, त्यांत फोमची उतरती उशी, म्हणजे दुकानांत वेज पिलो या नावाने मिळणारी त्रिकोणी उशी, सर्वांत अधिक काळ वापरात राहते. पोटातून घातलेली आहारनळी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काढली जाते, पातळ आहारासाठी आणलेली भांडी हळूहळू मागे पडतात, प्रथिनांच्या भुकटीचा डबा एकदा संपला की पुन्हा आणला जात नाही. परंतु छाती आणि डोके उंच ठेवून झोपणे बहुतेक रुग्णांना कायमचेच लागते. त्यामुळे या उशीची निवड दुकानात उभ्या उभ्या उरकण्याची गोष्ट नव्हे. मी वापरत असलेली उशी चांगली आहे आणि घेण्याजोगीही आहे. मात्र अशी उशी ज्या मापात सर्रास विकली जाते, त्या मापाची शिफारस मी करणार नाही, आणि वेष्टनावरील वर्णनावर विसंबून ती घ्यावी असे तर मुळीच म्हणणार नाही.

ही उशी का लागते, ते आधी सांगितले पाहिजे, कारण छातीत जळजळ होणाऱ्या इतर माणसांची गरज आणि आपली गरज एक नाही. या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा मोठा भाग काढून टाकतात, जठराला अरुंद नळीचा आकार देतात, ती नळी वर छातीत ओढून घेतात आणि अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला जोडतात. हा जोड काहींच्या छातीत असतो, तर काहींच्या मानेत. पोट आणि छातीची उजवी बाजू उघडून छातीत जोड करण्याची पद्धत आयव्हर लुईस यांनी 1946 मध्ये मांडली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पद्धत कोणतीही असली, तरी जठराच्या तोंडाशी असलेली झडप त्या कापलेल्या भागाबरोबर जाते. जळजळ होणाऱ्या इतर लोकांत ही झडप सैल झालेली असते. आपल्याकडे ती उरलेलीच नसते. शिवाय जठराला चालना देणाऱ्या व्हेगस नसा कापल्या गेल्यामुळे ते नीट आकुंचन पावत नाही आणि त्यातील अन्न खाली सरकायला बराचसा गुरुत्वाकर्षणाचाच आधार उरतो. माणूस उभा किंवा बसलेला असेपर्यंत हा आधार आयता मिळतो, पण आडवे होताच तो नाहीसा होतो आणि आम्ल, पित्त व अर्धवट पचलेले अन्न घशापर्यंत येऊ शकते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जळजळ कमी होते, परंतु पित्त आणि वर येणारा द्रव गोळीने थांबत नाही. झोपेत हा द्रव श्वासनलिकेत उतरला, तर खोकला, आवाज बसणे आणि प्रसंगी न्यूमोनिया इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. ही उशी सोयीची वस्तू म्हणून न घेता उपचाराचा भाग म्हणून घ्यावी, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

विषयाला थोडी बगल देऊन एक सांगतो. छातीतील अन्ननलिका काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फ्रान्झ टोरेक यांनी 1913 मध्ये केली, तेव्हा त्यांनी जठर वर ओढून जोडले नव्हते. त्यांच्या रुग्ण असलेल्या बाई मानेवरील छिद्रापासून जठरावरील छिद्रापर्यंत शरीराबाहेरून लावलेल्या रबरी नळीने जेवत असत, आणि त्या स्थितीत त्या एका दशकाहून अधिक काळ जगल्या. रात्री कोणत्या कोनात झोपावे, याचा खल आज आपण करू शकतो, हे त्या तुलनेत भाग्यच म्हटले पाहिजे.

आता प्रत्यक्ष उशीकडे वळतो. विक्रेते तिचे वर्णन करताना उंची सांगतात, आणि आपल्याला मात्र कोन हवा असतो. मला डॉक्टरांनी साधारण 30 अंशांचा उतार सांगितला होता. हा उतार केवळ उंचीवर ठरत नाही. उंची आणि पायाची लांबी यांच्या प्रमाणावर ठरतो. पाया 60 सेंटिमीटर लांब आणि मागची उंची 18 सेंटिमीटर असलेली उशी, जी दुकानांत सगळ्यांत जास्त दिसते, ती जेमतेम 17 अंशांचा उतार देते. तेवढ्याच पायावर उंची 25 सेंटिमीटर केली, तर उतार 23 अंशांच्या आसपास येतो, आणि 30 अंश गाठायला जवळजवळ 35 सेंटिमीटर उंची लागते. मी घेतलेल्या उशीचा पाया 65 सेंटिमीटर, उंची 35 सेंटिमीटर आणि रुंदी 70 सेंटिमीटर आहे. म्हणजे उतार 28 अंशांचा. हेही कागदावरचे गणित झाले. माणूस झोपला की फोम दबतो आणि कमरेकडच्या पातळ कडेपेक्षा वरचा जाड भाग अधिक दबत असल्यामुळे प्रत्यक्ष उतार आणखी कमी भरतो. ज्यांना नेमका कोन सांगितला गेला आहे, त्यांनी मोबाइलमधील कोन मोजण्याची सोय वापरावी. मात्र मोबाइल नुसत्या उशीवर न ठेवता स्वतः झोपल्यावर छातीच्या मध्यभागी ठेवून दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगावे.

कोनाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे लांबी, आणि तिच्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. आखूड उशीवर फक्त खांदे आणि डोके चढते, कंबर गादीवर राहते आणि शरीर मधोमध दुमडते. या दुमडण्याने पोटावर दाब येतो आणि जे वर येऊ नये म्हणून उशी घेतली, तेच दाबामुळे वर ढकलले जाते. साध्या उशांची चळत रचून झोपणाऱ्यांचीही हीच गत होते. शिवाय त्यांची मान पुढे वाकते आणि मध्यरात्री त्या चळतीतील एखादी उशी हमखास निसटते. योग्य रचना अशी, की उशीची पातळ कड नितंबांच्या लगत यावी आणि तेथून डोक्यापर्यंतचे सगळे धड एका सरळ उतारावर असावे. माझी उंची मध्यम आहे आणि 65 सेंटिमीटर लांबीची उशी मला कशीबशी पुरते. उंच माणसाला ती अपुरी पडेल. डोक्याखाली आणखी एक पातळ उशी लागते, परंतु ती खरोखर पातळ असावी, नाहीतर हनुवटी छातीला टेकते आणि मानेत जोड असलेल्यांना त्याचा त्रास होतो.

उतारावर झोपणारा माणूस रात्रभर खाली घसरत असतो, हे या उशीचे सर्वांत मोठे व्यंग आहे. झोपताना कंबर बरोबर ठिकाणी असते आणि पहाटे जाग येते तेव्हा उशीवर केवळ मान उरलेली असते. तोंडात कडू चव असते आणि कव्हरच्या वरच्या कडेला पिवळसर हिरवा डाग पडलेला असतो. कंपनीने उशीच्या तळाला रबराचे बारीक ठिपके असलेले कापड लावले आहे, त्यामुळे उशी गादीवरून सरकत नाही. परंतु वरचे कव्हर इतके गुळगुळीत आहे की माणूस उशीवरून सरकतो. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे गुडघ्यांखाली लोडासारखी गोल उशी ठेवणे आणि वरचे कव्हर बदलून खरबरीत सुती कापडाचे शिवून घेणे. पलंगाला पायांकडे उंच कड असेल, तर तेथे एखादी घट्ट उशी लावून तळपाय टेकवता येतात. नळी असण्याच्या काळात हे सगळे सांभाळणे अधिक कटकटीचे होते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

फोमविषयी बोलायचे, तर आतला भाग टणक आणि वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर मऊ मेमरी फोमचा आहे. ही रचना योग्य आहे, पण ती योग्य असल्याचे पहिल्या महिन्यांत कोणालाही पटणार नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांत शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक कमी होणे या रुग्णांत सर्रास आढळते. खांद्याची पाती, माकडहाड आणि टाचा यांवरचे मांस उतरलेले असते. अशा शरीराला टणक फोम पाटासारखा लागतो आणि मऊ फोम सुखाचा वाटतो, म्हणून दुकानात हात दाबून पाहणारा रुग्ण मऊच उशी निवडतो. पण मऊ उशी लवकरच मधोमध खोलगट होते, पाठ त्या खोलगट भागात रुतते आणि उतार नाहीसा होतो. तेव्हा उशी टणकच घ्यावी आणि सुरुवातीच्या काळात तिच्यावर एक जाड, मऊ पांघरूण घालावे. वजन सावरू लागले की ते काढता येते. माकडहाडावर लाली दिसली, तर ती अंगावर काढू नये, कारण उतारावर झोपणाऱ्याचा सगळा भार तेथेच येतो.

कुशीवर झोपण्याच्या बाबतीत मात्र ही उशी निराशा करते. छातीची उजवी बाजू उघडलेल्या रुग्णाला त्या बाजूने बराच काळ झोपता येत नाही. बरगड्यांच्या मधल्या नसा दुखावलेल्या असतात आणि त्या जागी कधी बधिरपणा, तर कधी कपड्याचा स्पर्शही सहन होऊ नये अशी आग जाणवते. डाव्या कुशीवर झोपावे, तर 28 अंशांच्या उतारावर खालचा खांदा दुमडतो आणि कंबर हवेत राहते. काही उशांना खांद्यासाठी खाच ठेवलेली असते, ती माझ्या उशीला नाही. कंबर आणि उशी यांच्यामधल्या पोकळीत घडी घातलेला टॉवेल भरला, तर काही वेळ निभावते, पण सलग झोप पाठीवरच लागते. ज्यांना जन्मभर पोटावर झोपायची सवय आहे, त्यांना ही सवय मोडावी लागेल, आणि त्यात उशी काहीही मदत करत नाही.

आतल्या जलरोधक आवरणाबद्दल दोन वाक्ये पुरतील. ते आवश्यक आहे, कारण पित्ताचा डाग फोममध्ये मुरला की वास जात नाही. पण या उशीसोबत आलेले आवरण कूस बदलताच कुरकुरते आणि त्याच्यामुळे पाठीला घाम येतो. मी ते काढून वेगळे, कापडी अस्तराचे आवरण घातले आहे.

आता उशी जे करू शकत नाही, त्याविषयी. या वस्तूची जाहिरात शांत झोपेची हमी देते. परंतु आपल्या बाबतीत रात्र कशी जाईल, हे संध्याकाळी काय, किती आणि कधी खाल्ले यावरच मुख्यतः ठरते. छातीतल्या त्या नळीत पूर्वीच्या जठराइतकी जागा नसते आणि ती रिकामी होण्याचा वेग भरवशाचा नसतो. शेवटचे खाणे आणि झोपणे यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवले, तर 28 अंशांची उशी उत्तम काम करते. हे अंतर एका तासावर आले, तर 45 अंशांचा पलंगही पुरेसा पडत नाही. पाण्याचेही तसेच आहे. रात्रीच्या गोळ्यांबरोबर पेलाभर पाणी पिऊन लगेच उशीवर टेकणे म्हणजे ते पाणी घशाशी येण्याची वाट पाहणे होय. गोळ्या संध्याकाळच्या खाण्यानंतर काही वेळाने, बसूनच, थोड्या पाण्याबरोबर घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

यामुळे दिवसाची आखणी झोपेच्या वेळेपासून मागे मोजत करावी लागते. दिवसाला सहा ते आठ वेळा थोडे थोडे खायचे आहे, शेवटचे खाणे झोपण्याच्या तीन तास आधी संपवायचे आहे, आणि पातळ पदार्थ जेवणाबरोबर न घेता अर्धा तास आधी किंवा नंतर घ्यायचे आहेत, या तीन अटी एकत्र ठेवल्या की दिवस फार लहान वाटू लागतो. सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत पहिले खाणे झाले नाही, तर संध्याकाळी ती तूट भरून काढण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत रात्री मोजावी लागते. भूक लागण्याची वाट पाहून चालत नाही, कारण भुकेची जाणीव देणारे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होते आणि या शस्त्रक्रियेनंतर ते घटते. म्हणून घड्याळाकडे पाहून खावे लागते. दिवसभराचे पोषण दिवसाउजेडी पूर्ण झाले, तर रात्रीची उशी यशस्वी ठरते. आहारतज्ज्ञांनी दिलेल्या तक्त्यात हा संबंध स्पष्टपणे लिहिलेला असता, तर पुष्कळ रात्री वाचल्या असत्या.

उशीचा जो उपयोग विक्रेत्यांच्या गावीही नाही, तो दिवसा होतो. जठराची नळी झाल्यावर काहींना डंपिंगचा त्रास सुरू होतो. अन्न, विशेषतः गोड आणि पातळ अन्न, लहान आतड्यात एकदम उतरते. खाल्ल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात छातीत धडधड, घाम, पोटात कळ, चक्कर आणि कधी जुलाब होतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. त्यात साखर झपाट्याने रक्तात गेल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते, रक्तातील साखर उतरते आणि हातपाय थरथरू लागतात. पहिल्या प्रकारात आडवे झाल्याने आराम पडतो, कारण अन्न खाली उतरण्याचा वेग कमी होतो. पण खाल्ल्यानंतर लगेच आडवे होऊ नये, हे तर आपल्याला बजावून सांगितलेले असते. या दोन सूचना एकमेकींच्या विरोधात आहेत आणि ज्याला दोन्ही त्रास आहेत, त्याची मोठी पंचाईत होते. उतरती उशी भिंतीला टेकवून, तिच्यावर आणखी एक उशी ठेवून, साधारण 45 अंशांत रेलून बसणे हा मला सापडलेला मधला मार्ग आहे. चक्कर थांबते आणि घशाशीही काही येत नाही. गोड पदार्थ कमी केल्यावर, जेवणात प्रथिने व थोडे स्निग्ध पदार्थ आधी घेतल्यावर आणि जेवताना पाणी टाळल्यावर हे झटके पुष्कळ कमी होतात. तरीही एखाद्या दिवशी येतातच, आणि त्या वेळी ही उशी दिवाणखान्यात हाताशी असलेली बरी. साखर उतरण्याच्या दुसऱ्या प्रकारात मात्र रेलून काही साधत नाही; त्या वेळी थोडी साखर तोंडात टाकावी लागते आणि झटके वारंवार येत असतील, तर डॉक्टरांना सांगावे लागते.

आहारनळी पोटात असतानाचा अनुभव वेगळा सांगायला हवा. माझी नळी लहान आतड्यात सोडलेली होती आणि पंपाद्वारे रात्रभर संथ गतीने आहार दिला जात होता, जेणेकरून दिवसा तोंडाने खायला वाव राहील. आहार थेट आतड्यात जात असला, तरी डोके उंच ठेवावेच लागते. उतारावर घसरताना नळी कपड्यात गुंतते, ताणली जाते आणि टाके घातलेली जागा दुखते. नळी मुडपली की पंप मध्यरात्री किंचाळू लागतो. त्या काळात उशीची 70 सेंटिमीटर रुंदी मला अपुरी वाटली, कारण नळी पोटाच्या डाव्या बाजूला आणि पंपाचा स्टँड पलंगाच्या उजवीकडे, अशी आमच्या खोलीची मांडणी होती. पत्नीने स्टँड दुसऱ्या बाजूला नेला आणि नळीला पुरेसा ढिला भाग ठेवून ती चिकटपट्टीने पोटाला लावली, तेव्हा प्रश्न सुटला. आहार संपताच नळीतून पाणी सोडून ती धुण्याचे काम झोपेच्या गुंगीत राहून जाते. ते राहिले, तर सकाळी नळी तुंबते, म्हणून पाण्याने भरलेली सिरिंज आधीच उशाशी ठेवलेली असावी.

या उशीला पर्याय काय आहेत, हेही पाहिले. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवणे हा जुना उपाय आहे. त्यात शरीर कोठेही दुमडत नाही, ही त्याची जमेची बाजू; परंतु सुमारे दोन मीटर लांबीच्या पलंगावर तेवढ्या उंचीने केवळ चार ते सहा अंशांचा उतार मिळतो, शेजारी झोपणाऱ्यालाही रात्रभर घसरावे लागते, आणि आपल्यासारख्या झडप नसलेल्या माणसाला तो पुरत नाही. ठोकळे आणि थोडी कमी उंचीची उशी असे दोन्ही एकत्र वापरणारेही असतात, आणि ते मला पटते. वीजेवर वरखाली होणारा पलंग अर्थातच सर्वांत सोयीचा. गुडघ्यांचा भागही उचलला जातो, त्यामुळे घसरणे जवळपास थांबते. ज्यांना तो परवडतो आणि ज्यांच्या घरात जागा आहे, त्यांनी उशीच्या भानगडीत पडू नये. हवा भरण्याची उशी प्रवासात उपयोगी आहे, पण तिच्यावर शरीर डुलते आणि पहाटेपर्यंत हवा उतरलेली असते. तीन घड्यांची फोमची उशी मी एका नातेवाइकांकडे वापरली; सांध्यांच्या जागी ती पाठीला टोचते. आरामखुर्चीत झोपणाऱ्यांची संख्या पहिल्या महिन्यांत मोठी असते. काही रात्रींसाठी ते ठीक आहे, मात्र पाय लोंबते राहिल्याने पावलांना सूज येते.

एक सावधगिरीची बाब स्पष्ट लिहितो, कारण वस्तू चांगली निघाली की सगळे दोष तिच्याच वापरात शोधले जातात. घास अडकू लागला, आधी जाणारे घट्ट अन्न आता जाईनासे झाले, किंवा लाळही वर येऊ लागली, तर उशीचा उतार वाढवत बसू नये. जोडाच्या जागी व्रण भरताना मार्ग अरुंद होणे ही या शस्त्रक्रियेनंतर नेहमी आढळणारी अडचण आहे आणि एन्डोस्कोपी करून तो मार्ग फुग्याने किंवा सळईसारख्या साधनाने रुंद करता येतो. काहींना हे पुन्हा पुन्हा करावे लागते. रात्रीच्या खोकल्याबरोबर ताप आला, श्वास लागला किंवा कफाचा रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शौचास फिकट, तेलकट आणि पाण्यावर तरंगणारे होऊ लागले, तर स्निग्ध पदार्थ पचत नसल्याची ती खूण असते आणि जेवणाबरोबर घ्यायच्या स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल त्यावर उपयोगी पडू शकतात. बी-12 आणि लोह यांची तपासणी अधूनमधून करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेचा थकवा आणि अपुऱ्या झोपेचा थकवा वरवर सारखाच दिसतो. दिवसा पुढे वाकून बुटाची नाडी बांधताना किंवा जमिनीवरची वस्तू उचलताना जे घशाशी येते, त्यावर तर कोणतीच उशी नाही. कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकायला शिकावे लागते.

एकूण गुण द्यायचे झाले, तर पाचांपैकी साडेतीन देईन. उतार आणि फोमचा टणकपणा यांसाठी पूर्ण गुण. गुळगुळीत कव्हर, कुरकुरणारे आवरण आणि लांबीत केलेली काटकसर यांसाठी दीड गुण वजा. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर ही उशी आधीच आणून ठेवावी आणि काही रात्री तिच्यावर झोपण्याचा सराव करावा. शस्त्रक्रियेनंतर शरीराला इतक्या नव्या गोष्टी शिकायच्या असतात, की त्यांतली एक आधीच अंगवळणी पडलेली असणे सोयीचे जाते. सरावात लांबी कमी भरल्याचे लक्षात आले, तर बदलून घ्यायलाही वेळ मिळतो.

टिकाऊपणाबद्दल शेवटची नोंद. रोजच्या वापराने माझ्या उशीची मागची उंची 35 सेंटिमीटरवरून 33 वर आली आहे, म्हणजे उतार 27 अंशांच्या जवळ उतरला आहे, आणि झोपल्यावर तो त्याहूनही कमी असणार. आतला फोम तेवढा बदलून मिळेल का, अशी चौकशी कंपनीकडे केली असता, पूर्ण उशीच नवी घ्यावी लागेल असे उत्तर आले. त्यामुळे पुढची उशी फोम मापाने कापून देणाऱ्या कारागिराकडूनच करून घेणार आहे. त्याला द्यायच्या कागदावर पाया 75 सेंटिमीटर, उंची 40 सेंटिमीटर, रुंदी 80 सेंटिमीटर, खालची कड शक्य तितकी पातळ आणि डाव्या बाजूला खांद्यापुरती खाच, एवढे लिहून ठेवले आहे.